पथ्य आणि नेम : परक्या पानावरील एक प्रश्न

अन्न आणि धर्म यांचा संबंध आला की चर्चा बहुधा भक्ष्याभक्ष्याची होते. काय खावे, कोणाचे खावे, केव्हा खावे याविषयी सर्वच संप्रदायांत नियम आहेत आणि पंथीय वाचकांना तर त्यांची ओळख बालपणापासून असते. परंतु ज्याला नियमाने नव्हे, तर देहानेच खाण्याची मनाई केली आहे, त्याने परक्या पानावर कसे बसावे, काय बोलावे आणि त्याच्या पानात उरलेल्या अन्नाचा दोष कोणाकडे जावा, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळलेले दिसत नाही. प्रश्न मात्र आता घरोघरी आला आहे. मधुमेहाचे पथ्य नाही असे कुटुंब धाराशिव जिल्ह्यातही शोधावे लागते. आणि अलीकडे अतिस्थूल मनुष्याचे जठरच शस्त्राने लहान करण्याची चिकित्सा मोठ्या शहरांतून रूढ झाल्यामुळे, मूठभर अन्नात ज्याचे पोट भरते असा प्रौढ, धडधाकट दिसणारा मनुष्यही आपल्या शेजारी जेवावयास बसू लागला आहे.

असा एक गृहस्थ कामानिमित्त तुळजापुरास आला आहे आणि दुपारी खानावळीत शिरला आहे, असे समजावे. थाळी ठरलेली असते : तीन पोळ्या किंवा दोन भाकरी, दोन भाज्या, वरण, भात, शेंगदाण्याची चटणी, वर एखादा गोड पदार्थ. त्याला यातले चार घास पुरेत. अर्धी थाळी मागावी तर ती मिळत नाही. सोबतच्याच्या थाळीतले दोन घास घ्यावेत तर भिंतीवर पाटी असते की, एका थाळीत दोघांनी जेवल्यास जादा आकार पडेल. पूर्ण थाळी घेऊन उरलेली टाकावी तर वाढणारा विचारतो, जेवण आवडले नाही काय? आसपासचे लोकही त्या ताटाकडे पाहतात. तेव्हा हा गृहस्थ हळूच म्हणतो, ‘आज उपवास आहे.’ त्याबरोबर सर्वांचे समाधान होते. कोणी काही विचारीत नाही, उलट आदरच वाढतो.

हे असत्य आहे काय, आणि असल्यास त्याचा दोष किती व कोणाचा, एवढाच प्रस्तुत प्रश्न आहे. तो दिसतो तितका क्षुल्लक नाही.

प्रथम ही शस्त्रक्रिया काय करते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण तिच्याविषयी समाजात जितकी थट्टा आहे तितकी माहिती नाही. जठर लहान करून स्थूलतेवर उपाय करण्याची पद्धत अमेरिकेतील आयोवा येथील शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आणली. आज तिचे दोन प्रकार विशेष रूढ आहेत. एकात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाशी एक लहानशी पिशवी करून ती थेट आतड्याच्या पुढील भागास जोडतात. ही पिशवी आरंभी जेमतेम तीस मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे भरतील एवढी असते. त्यानंतर काही आठवडे केवळ पातळ पदार्थ, मग मऊ अन्न आणि मग हळूहळू साधे जेवण. घास लहान, चर्वण दीर्घ. जेवताना पाणी पिता येत नाही. जेवणाच्या पुढे-मागे सुमारे अर्धा तास ते वर्ज्य ठेवावे लागते. साखरेचा पदार्थ पोटात झपाट्याने गेला तर छातीत धडधड, घाम, पोटात कळा आणि भोवळ असा त्रास होतो, विशेषतः दुसऱ्या प्रकारात. जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियम यांची जोड पुढे आयुष्यभर घ्यावी लागते. थोडक्यात, हा मनुष्य आळशी नव्हे, चोखंदळ नव्हे आणि अन्नाचा अनादर करणारा तर मुळीच नव्हे. राजकारणातील नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा वृत्तपत्रांतून तिचे नाव मराठी घरांत प्रथमच मोठ्या प्रमाणावर पोहोचले. खाण्याचे शौकीन म्हणून परिचित असलेल्या पुढाऱ्याला हा मार्ग घ्यावा लागला, याची लोकांना गंमत वाटली. गंमत वाटण्यासारखे त्यात काही नव्हते.

शाकाहारी माणसाची अडचण यात आणखी एक आहे. लहान झालेल्या पोटात जागा मोजकी. त्यात प्रथिने आधी गेली पाहिजेत, असे वैद्य सांगतात. मांस आणि अंडे ज्याला वर्ज्य, त्याने ती डाळ, दही, ताक, पनीर, हरभरा, मटकी यांतूनच मिळवायची. आता थाळीचा क्रम पाहावा. आधी पोळी येते, मग भात येतो, वरण वाटीच्या तळाशी असते आणि दही मागितल्याशिवाय येत नाही. म्हणजे याला जे हवे ते थोडे आणि जे नको ते पुष्कळ. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग-उमरग्याच्या बाजूला असलेल्या धाब्यांवर तर शाकाहारी व मांसाहारी दोन्ही रांधले जाते. तेथे वासनिकाने आधी भांडी व तेल वेगळे आहे काय हे विचारायचे, आणि मग वर हे पोटाचे गाऱ्हाणे सांगायचे! दोन्ही विचारणा एकाच दमात करणारा गिऱ्हाईक मालकाला किरकिऱ्या वाटला तर त्यात नवल नाही.

येथे पहिली शंका अशी उपस्थित होते की, हा मनुष्य अल्पाहारी झाला आहे, तर मग त्याने ‘उपवास’ म्हटले यात वावगे काय? साधक वर्षानुवर्षे रसनेशी झगडून जे मिळवतो ते याला शस्त्राने एका दिवसात दिले. फळ तेच, मार्ग वेगळा. अल्पाहार तो अल्पाहारच.

ही शंका वरवर पटणारी असली तरी टिकत नाही, आणि ती का टिकत नाही हे पाहण्यासाठी धाराशिव जिल्ह्याबाहेर जाण्याचेही कारण नाही. भूम तालुक्यात कुंथलगिरी हे जैनांचे प्राचीन सिद्धक्षेत्र आहे. तेथे १९५५ साली दिगंबर आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेऊन अन्नत्यागाने देह ठेवला. ते सल्लेखनेचे तत्त्व आपले नव्हे आणि त्याची चर्चा येथे अभिप्रेत नाही. लक्षात घ्यायची गोष्ट इतकीच की, त्याच कुंथलगिरीचे नाव या भागातील सामान्य माणसाला खवा आणि पेढा यांसाठीही तितकेच माहीत आहे. भूमच्या पठारावर दूध पुष्कळ, खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. अन्नाचा संपूर्ण त्याग आणि अन्नातील घट्ट गोडी, दोन्ही एका डोंगराच्या आसपास नांदतात आणि एकाने दुसऱ्यास काही बाधा केलेली नाही. कारण त्याग हा डोंगरात नसतो व गोडीही दुकानात नसते.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत हेच अगदी स्थूल रूपात दिसून येते. जठराचा जो भाग काढला जातो त्यातच भूक उत्पन्न करणारा एक स्राव मुख्यत्वे तयार होत असतो. म्हणून पहिले काही महिने, कित्येकदा वर्ष-दोन वर्षे, भूक खरोखरच मंदावते. पण पुढे काय होते? काही रुग्णांचे वजन पुन्हा वाढू लागते. भाकरी त्यांच्या पोटात मावत नाही हे खरे. पण गोड पेय, आइस्क्रीम, तोंडात विरघळणारी मिठाई यांना जागा लागत नाही. ते घोट घोट, कण कण दिवसभर चालू राहते आणि शल्यविशारदाने केलेले सारे काम जीभ हळूहळू परत फिरवते. याचा अर्थ शस्त्राने भूक कापली, वासना कापली नाही. भूक हा देहाचा धर्म, वासना हा जीवाचा संस्कार. पहिलीचे स्थान जठरात आहे, दुसरीचे तेथे नाही. म्हणून वैद्यही आता सांगतात की, शस्त्रक्रिया हे केवळ साहाय्य आहे, नियमन रुग्णाने स्वतः करायचे आहे. तात्पर्य, देहाने लादलेले पथ्य हा नेम नव्हे. त्याचे पुण्य नाही. पण म्हणून त्यात उणेपणाही नाही; ताप आलेल्या माणसाने पांघरूण घेतले म्हणून कोणी त्याला दोष देत नाही.

आता पानात टाकण्याच्या दोषाचा विचार करू. मराठवाड्यात या दोषाची जाणीव जितकी तीव्र आहे तितकी क्वचितच अन्यत्र असेल, आणि तिला कारण आहे. १९७२ च्या दुष्काळात या भागातील माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली, कामावर वाटली जाणारी सुकडी खाऊन राहिली आणि अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी डोळे मिटून गिळली. ज्या आजीने ती भाकरी थापली तिच्यासमोर नातवाने ताटात अर्धी पोळी सोडावी, हे तिला सहन होणे शक्य नाही. तिची वेदना खरी आहे. पण त्या पिढीच्या आणि तिच्या मुलाबाळांच्या देहात आज जो मधुमेह व जी स्थूलता दिसते तिचा त्या उपासमारीशी काही संबंध असावा, असे संशोधन सांगते. युरोपात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंड देशात पडलेल्या उपासमारीच्या वेळी जी मुले गर्भात होती, त्यांच्यात पुढे शर्करा न पचण्याचा विकार अधिक आढळला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गर्भवती मातांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालके सरासरी सुमारे २.७ किलो वजनाची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालके सुमारे ३.५ किलोची, परंतु आपल्याकडील बालक इतके लहान असूनही त्याच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती, उणे होते ते स्नायू. अंगाने बारीक, आत चरबी. अशा देहाला पुढे मुबलक अन्न मिळाले की तो ते साठवून ठेवतो आणि रोगी होतो. म्हणजे ज्या दुष्काळाच्या आठवणीने आजी पान स्वच्छ करावयास सांगते, तशाच दुष्काळाने नातवाला पान पूर्ण करणे अहितकर करून ठेवले असावे. दोघेही एकाच आपत्तीचे साक्षी आहेत. एकमेकांचे अपराधी नव्हेत.

मग टाकलेल्या अन्नाचा दोष कोणाचा? विचारांती असे दिसते की, तो अन्न टाकण्याच्या क्षणी घडत नाही; वाढून घेण्याच्या वा वाढण्याच्या क्षणीच घडून गेलेला असतो. पोटात जागा नाही हे ठाऊक असता जो हावेने वाढून घेतो तो दोषी. ‘पुरे’ म्हटल्यावरही जो पानात ढकलतो तो त्याहून दोषी, कारण त्याने अन्नही वाया घालविले आणि समोरच्या जीवास पीडाही दिली. आपल्याकडे आग्रह हा आतिथ्याचा अलंकार मानतात. लग्नाच्या पंगतीत जिलेबीचे ताट घेऊन चौघे एका माणसाभोवती उभे राहतात आणि त्याने पानावर आडवे केलेले दोन्ही हात बाजूस सारून त्यात जिलेबी टाकतात. हे कौतुकाने सांगितले जाते. मधुमेह्यास अशी जिलेबी खाऊ घालणे ही हिंसाच आहे, आणि वाढणाऱ्याचा हेतू प्रेमाचा होता म्हणून तिचे स्वरूप पालटत नाही.

खानावळीत दोषाची वाटणी थोडी निराळी होते. तेथे आग्रह नसतो, पण ठरलेले माप असते. ज्याला अर्धे हवे त्याला पूर्ण घेणे भाग पाडायचे आणि वाटून घेण्यासही मनाई करायची, तर उरलेल्या अन्नाचा दोष बव्हंशी माप ठरविणाराकडे जातो. मालकाचीही बाजू आहे. हवे तितके वाढण्याच्या थाळीत दोघे बसले तर त्याचे गणित कोसळते, आणि तशी लबाडी करणारे लोक असतात म्हणूनच ती पाटी लागली. परंतु चार घास खाणाऱ्याला मोजून वाढलेली अर्धी थाळी अर्ध्याहून थोड्या अधिक दामात देण्यात कोणाचेच नुकसान नाही. पाणीटंचाईच्या दिवसांत पुण्यातील काही हॉटेलांनी पेला अर्धाच भरून देण्याचा प्रघात पाडला आणि गिऱ्हाइकांनी तो समजून घेतला. पाण्याचा अर्धा पेला समजतो, मग अन्नाचे अर्धे पान का समजू नये? दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थापुढे त्याचे उष्मांक लिहावेत, असा नियम केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केला. पण तो मोठ्या शहरांतील साखळी दुकानांसाठी. तुळजापूरच्या खानावळीला त्याने काही फरक पडत नाही. तिथे माणसाला माणसानेच सांगावे लागते.

आणि सांगताना तो खोटे बोलतो. येथे मूळ प्रश्नाकडे यावयास हवे.

‘उपवास आहे’ या उद्गाराचा पहिला परिणाम व्यवहारातच गमतीचा होतो. तुळजापूर हे नवरात्रातील उपवासांचे गाव. तिथल्या खानावळीच्या मालकाला उपवासकऱ्याची काळजी असते. तो लगबगीने आत जातो आणि साबुदाण्याची खिचडी, तळलेला बटाटा घेऊन येतो. पिष्ट आणि तेल, दुसरे काही नाही! ज्या थाळीतून निदान वरण व मटकी खाता आली असती ती परत गेली आणि मधुमेह्याला अधिक घातक असे ताट पुढे आले. मालकाने ते प्रेमाने आणले आहे. आता नाही कसे म्हणायचे? एका असत्याला झाकण्यासाठी दुसरे बोलावे लागते, आणि तेही प्रेमळ माणसाशी.

परंतु दोष यापेक्षा खोल आहे. समाज नेमाला मान देतो, कारण नेम म्हणजे खाता येत असता न खाणे. त्यामागे निश्चय असतो. पथ्याला मान देत नाही, कारण ते नाइलाजाचे असते. पथ्यवान मनुष्य जेव्हा नेमाचे वस्त्र पांघरतो तेव्हा तो न मिळविलेला मान उचलतो. तो मान त्याला नको असतो, केवळ प्रश्न टळावेत एवढीच त्याची इच्छा असते, हे मान्य केले तरी परिणाम तोच. शिवाय संध्याकाळी तोच गृहस्थ दुसऱ्या दुकानात दोन घास घेताना दिसला की, पाहणारा सर्वच उपवासकऱ्यांकडे संशयाने पाहू लागतो. ज्याचा नेम खरा आहे त्याच्या शब्दाचे मोल त्यामुळे घटते.

पंथीयांना ही गोष्ट इतरांहून लवकर कळावी. उपदेश घेतलेला वासनिक देवतांतरांचा प्रसाद ग्रहण करीत नाही. तुळजापूरच्या आसपास राहणाऱ्या अशा कुटुंबाच्या दारी शेजारी मोठ्या भावाने प्रसाद घेऊन येतो, तेव्हा ‘आम्ही घेत नाही’ हे शब्द उच्चारणे सोपे नसते. तेव्हाही मोह होतो की, ‘ठेवा, मागाहून खातो’ असे म्हणावे आणि गाईला घालावे. पुष्कळ जण तसे करतातही. परंतु ज्या कुटुंबांनी नम्रपणे, हात जोडून, एकदाच स्पष्ट सांगितले त्यांच्याकडे शेजारी पुढे दिवाळीचा कोरडा फराळ आधी वेगळा काढून आणू लागतात. खरे ऐकावयास शेजारी तयार नसतो असे नाही. त्याला ते कोणी सांगितलेले नसते. सात शतकांहून अधिक काळ परक्या पानावर ‘नाही’ म्हणण्याचा ज्यांना सराव आहे, त्यांनी तरी ‘नाही’ म्हणणाऱ्या रुग्णाची थट्टा करू नये आणि त्याच्यापुढे खोटे बोलण्याची वेळ आणू नये. म्हणून या असत्याचा दोष बोलणाऱ्याकडे आहेच. पण ‘माझे पोट लहान आहे, मला अर्धेच वाढा’ या सत्य वाक्यावर जे हसतात त्यांच्याकडे त्याचा मोठा वाटा जातो.

आता शेवटची व अधिक अवघड शंका. वासनिकाचे ठीक; तो दाम मोजतो आणि मागू शकतो. भिक्षूने काय करावे? झोळीत जे पडेल ते, चवीकडे न पाहता, हा भिक्षेचा धर्म. अमुक वाढा, तमुक नको, असे म्हणताच भिक्षेची खानावळ होते. पण भिक्षूही देहधारी आहे. त्याला मधुमेह होतो, शस्त्रक्रियेचा प्रसंगही येऊ शकतो. कोणी म्हणेल, श्रीगोविंदप्रभूंनी रिद्धपुरात पदार्थ नावाने मागून घेतल्याच्या लीला आहेतच. परंतु अवतारांची लीला हा जीवांचा आचार नव्हे, हे पंथीयास सांगावयास नको. त्या लीलेचा आधार घेऊन जो लाडू मागेल त्याने स्वतःलाच फसविले.

भेद असा करता येईल. भिक्षेतील निवड रसनेसाठी असेल तर ती भिक्षेचा भंग करते, मग ती कितीही सूक्ष्म असो. देहरक्षणासाठी केलेला परिहार भंग करीत नाही, परंतु त्याची कसोटी कडक आहे : गोड नाकारणाऱ्याने त्याच्या जागी दुसरे रुचकर मागू नये. पुरणपोळी नको म्हणणे पथ्य. पुरणपोळी नको, थालीपीठ असेल तर चालेल, हे पथ्य नव्हे. जे पडले त्यातून अपथ्य बाजूस काढून सोबतच्या भिक्षूस द्यावे, उरलेले तसेच ग्रहण करावे. गुरूस वा महंतास रोग आधी निवेदन केलेला असावा, म्हणजे स्वतःच्या जिभेचा न्याय स्वतः करण्याची पाळी येत नाही. राहिला प्रश्न प्रथिनांचा, जो शस्त्रक्रिया झालेल्या शाकाहाऱ्याला टाळता येत नाही. दारातल्या माउलीस ‘दही आहे काय’ असे विचारावे की नाही, याविषयी मतभेद संभवतो. ज्या मठात असा रुग्ण आहे त्या मठाने दुधाची सोय करावी आणि त्याला दारोदारी विचारावयास लावू नये, हे अधिक बरे. आजारी भिक्षूची शुश्रूषा ही सोबत्यांची जबाबदारी आहे, आणि भाकरीबरोबर वाटीभर दही त्या शुश्रूषेतच मोडते.